रंगराव खोत मरायला तयार नाहीत

रंगराव खोतांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते भिंतीवर होते. टीव्हीवर कुठल्याशा मालिकेतली नायिका हमसून हमसून रडत होती आणि तिच्यामागे तिच्या वडिलांचा हार घातलेला फोटो होता. फोटोतला माणूस सगळ्या जगाला खडसावत असल्यासारखा समोर बघत होता. माझी आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "हा आपल्या कोल्हापूरचा बरं का. शिवाजी पेठेत राहतो. प्रत्येक मालिकेत मरतो बिचारा."

त्यांना कुणी 'बिचारा' म्हटलेलं मी ऐकलं ते तेवढंच. पुढे मी मालिकांचे संवाद लिहायला लागले, जोतिबाच्या वाटेवरच्या एका गावात आमच्या मालिकेचं शूटिंग सुरू झालं आणि नायिकेचे आजेसासरे म्हणून हेच रंगराव खोत येऊन ओट्यावर बसले. त्यानंतर जवळजवळ तीन वर्षं मी त्यांना रोज पाहत होते. आईनं तो शब्द त्यांच्या तोंडावर उच्चारला असता तर त्यांनी तिला समोर बसवून, चहा पाजून, चांगलं तासभर सुनावलं असतं.

सेटवर सगळे त्यांना बापू म्हणत. ठेंगणे, रुंद, मान कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते कळू नये असे. आवाज इतका मोठा की पहिल्याच दिवशी साउंडवाल्यानं कानावरचा हेडफोन काढून ठेवला आणि हात जोडून म्हणाला, "बापू, जरा हळू." बापू म्हणाले, "हे हळूच हाय." त्यात खोटं काही नव्हतं. त्यांचा खरा आवाज आम्ही नंतर ऐकला, ड्रायव्हरनं गाडी रिव्हर्स घेताना त्यांच्या स्कूटरला टेकवली तेव्हा.

ऐन उमेदीची वर्षं बापूंनी साखर कारखान्यात टाइमकीपर म्हणून काढली आणि संध्याकाळी तालमीच्या गणपतीपुढं नाटकं केली. नोकरी सोडून टीव्हीत आले तेव्हा डोक्यावरचे केस गेले होते आणि मुलीचं लग्न झालं होतं. "हिरो व्हायचं वय गेल्यावर आलो, ते बरं झालं," ते म्हणायचे. "हिरोला काय, नुसतं दिसायचं असतंय. आमास्नी करायचं असतंय." करायला मिळालं ते असं: हवालदार, सरपंचामागे उभा राहून मान हलवणारा माणूस, कोर्टात शपथ देणारा पट्टेवाला, आणि वय वाढलं तसे नायिकेचे बाप. मालिकेतल्या बापाला एकच काम असतं. तो मरतो, मग पोरीवर घराची जबाबदारी पडते आणि गोष्ट सुरू होते. म्हणजे गोष्ट सुरू व्हायच्या आत बापू संपलेले असायचे.

पण संपायच्या आधी ते दिग्दर्शकाला घाम फोडायचे. पहिल्या मालिकेत हवालदाराचं काम होतं. बापूंनी विचारलं, "माझं नाव काय?"

"हवालदार."

"ते काम झालं. नाव काय?"

दिग्दर्शक म्हणाला, नाव वगैरे काही नाही, दोनच सीन आहेत. बापू म्हणाले, "दोन सीनचा असला म्हणून काय झालं, त्येच्या आईनं बारसं तर केलं असंल की." दुसऱ्या दिवशी ते 'पां. रा. चौगुले' अशी पट्टी स्वखर्चानं करून, छातीला लावूनच आले. ती काढायला लावण्याइतका वेळ कुणाला नव्हता. बेड्या घालून घेताना नायकानं पट्टी वाचली आणि त्याच्या तोंडून सहज निघून गेलं, "चौगुले, जरा सैल." तो शॉट तसाच राहिला. नाव असलेल्या माणसाला पुन्हा बोलवावंच लागतं, तसे चौगुले हवालदार वर्षभर टिकले. मग त्यांना दरोडेखोरांनी मारलं.

त्यांच्या घरी गेले तेव्हा मी दारातच थबकले. मालिकेवाले फोटोला फ्रेम चांगली करतात, आणि सेट मोडला की बापू आपला फोटो मागून घरी न्यायचे. बैठकीच्या खोलीतली अख्खी भिंत त्यांनीच भरली होती: फेट्यातले बापू, टोपीतले बापू, पांढऱ्या मिशीचे, मिशीच नसलेले. त्यांच्या बायकोची, काकींची, अट एवढीच होती की फोटो आणा, पण हार उंबऱ्याबाहेर काढा. नवा पाहुणा आला की विचारायचा, हे सगळे तुमचे भाऊ का? काकी चहाचा कप पुढे ठेवत म्हणायच्या, "भाऊ न्हवंत, ह्यो एकच माणूस. किती येळा मला विधवा करून बसलाय बघा." त्यावर बापू गडगडाटी हसायचे. काकी हसायच्या नाहीत.

त्याच दिवशी त्या भिंतीखाली बसून ते मला म्हणाले, "लेखकबाई, एक काम ऱ्हायलंय." मला वाटलं, एखादा पुरस्कार वगैरे असेल. "शेवटच्या भागात असायचं हाय मला," ते म्हणाले. मालिकेचा शेवटचा भाग कसा असतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. रुसवे फिटतात, खलनायिका पाया पडते, सगळं घर अंगणात गोळा होतं आणि हसत एक फोटो काढतं. "त्या फोटोत मी कवाच नसतोय," बापू म्हणाले. "मी भित्तीवर असतोय. मेलेल्याचं कौतुक लई करत्यात, पर ताट कोण वाढत न्हाय. एकदा तरी जितेपणी शेवट गाठणार मी." यात विनवणीचा सूर नव्हता. वकिलानं नोटीस द्यावी तसं त्यांनी मला कळवलं.

आमच्या मालिकेत त्यांचं बरं चाललं होतं, पण चॅनेलला ते पुरेसे कोल्हापुरी वाटेनात. मुंबईहून निरोप आला की आजोबा फार साधे बोलतात, त्यांना जरा तडका द्या. दर दोन वाक्यांना शिवी, मिशीवर ताव, मध्येच तांबड्या रश्श्याचा उल्लेख. मी तसा सीन लिहून नेला. बापूंनी वाचला आणि विचारलं, "ह्यो म्हातारा येडा हाय काय? नातसुनंम्होरं शिव्या देतोय." मग मला समजावून सांगितलं, "आपला माणूस खरा चिडला की गप बसतोय. त्यो गप बसला की घर हालतंय." हे सांगताना त्यांचा आवाज गोठ्यातल्या म्हशींपर्यंत पोचत होता, ही गोष्ट वेगळी. शॉटमध्ये मात्र त्यांनी माझं पानभर भाषण गिळून टाकलं. वाचत असलेलं वर्तमानपत्र घडी घालून मांडीवर ठेवलं आणि मुलाकडे नुसतं बघितलं. मुलाचं काम करणारा नट आपली वाक्यं विसरला आणि खरोखरच "चुकलं" म्हणाला. माझ्या सगळ्या वाक्यांपेक्षा तो एक शब्द चांगला होता.

मग मालिका बघणाऱ्यांचे आकडे घसरले. चॅनेलची मंडळी व्हिडिओ कॉलवर आली, पडद्यावरच्या चौकोनांत बसली, आणि त्यांतल्या एका चौकोनातली मुलगी म्हणाली, "आजोबांना घालवू या. मस्त इमोशनल ट्रॅक होईल." बाकीच्या चौकोनांनी माना डोलावल्या. आमचा दिग्दर्शक प्रसाद कोल्हापूरचाच. त्याचा चेहरा उतरला, पण मान त्याचीही हलली. बापूंना सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

ते ओट्यावर शेंगा खात होते. माझं ऐकून घेतलं, हातातली शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले. म्हणाले, "न्हाय."

"काय नाही?"

"मरणार न्हाय."

मी म्हटलं, "बापू, असं चालत नाही. करार आहे."

"करारात अभिनय करायचा लिवलंय. मरणं हा काय अभिनय हाय? डोळं झाकून पडायचं. ते कोण बी करंल."

मी खरं ते सांगून टाकलं. ते मेले नाहीत तर त्यांना न घेताच मारायचं ठरलं होतं. नायिकेला फोन येणार, आजोबा प्रवासात गेले, आणि पुढच्या सीनला भिंतीवर हार घातलेला फोटो. मला चॅनेलचा राग येत होता आणि बापूंचाही येत होता, कारण ते हरणार हे दिसत होतं. टरफलं ओंजळीत गोळा करून ते उठले. "करा की मग," ते म्हणाले. "बघू कोण मारतंय मला." कपडे बदलून, स्कूटरला किक मारून निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून त्यांना बोलवायचं बंद झालं.

आता हौसाक्कांबद्दल सांगायला हवं. आम्ही शूटिंग करायचो ते घर त्यांचं होतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पुण्याला; चार म्हशी आणि ऊस त्या एकट्या बघत. सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीच्या खोलीत, भिंतीवर त्यांच्या मालकांचा फोटो होता, खऱ्या हाराचा. शूटिंग सुरू व्हायच्या आधी तो काढून आत ठेवावा लागे. हे काम बापूंनी दुसऱ्या कुणाला कधी करू दिलं नाही. दोन्ही हातांनी फोटो उचलायचे आणि म्हणायचे, "पाटील, जरा आत चला. आमची सोंगं सुरू होणार हाईत." हौसाक्का चुलीपुढून ते ऐकायच्या आणि दुपारी बापूंच्या ताटात न मागता एक भाकरी जास्त पडायची.

ज्या दिवशी फोटोचा सीन होता, त्या सकाळी आर्टवाल्यानं लवकर येऊन खिळा ठोकला, बापूंचा फोटो लावला, चंदनाचा हार घातला, खाली समई पेटवून बघितली आणि तो नाश्त्याला गेला. तेवढ्यात हौसाक्का डेअरीला दूध घालून परतल्या. बापू बरेच दिवस दिसले नव्हते, आणि विचारलं तर युनिटमधली माणसं नजर चुकवत होती. त्यात मागच्या उन्हाळ्यात आमचा एक लाइटमन अपघातात गेला होता, तेव्हा आम्ही त्याचा फोटो याच सोप्यात ठेवून, अशीच समई लावून फुलं वाहिली होती. हौसाक्कांनी ओळखायचं ते ओळखलं. रिकामी किटली खाली ठेवली आणि तिथंच बसून हंबरडा फोडला.

मी पोचले तेव्हा अंगण भरलं होतं. पुरुष टोप्या मांडीवर घेऊन बसले होते, बायका आत हौसाक्कांना धरून होत्या. एक म्हातारा शेजाऱ्याला सांगत होता की माणूस मोठा नट होता पण गर्व न्हवता. आमची नायिका गाडीतून उतरली, माणसं बघितली, फोटो बघितला आणि तिनंही रडायला सुरुवात केली. तिला आधी काही कळेना आणि कळल्यावर थांबता येईना. प्रसाद मध्यभागी उभा राहून "अहो, नाही हो, तसं नाही" म्हणत होता, आणि लोक त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला धीर देत होते.

हौसाक्कांनी बापूंच्या घरी फोन लावला. आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना पुरुषासारखंच 'मी आलो, मी गेलो' म्हणतात, तशा त्या म्हणाल्या, "काकी, मी आत्ता बघितलो ओ. कवा गेलं बापू? रक्षाविसर्जन कवा हाय?"

पलीकडून बापूंचाच आवाज आला. स्पीकर लावायची गरज पडली नाही. "कोण गेलं?"

हौसाक्का म्हणाल्या, "तुम्ही."

बापू म्हणाले, "थांबा. आलोच."

स्कूटर अंगणात शिरली तशी बसलेली माणसं उठून उभी राहिली. तो मघाचा म्हातारा म्हणाला, "मेल्याची खोटी बातमी आली, म्हंजे आयुष्य वाढलं." हौसाक्कांनी बापूंना उंबऱ्याबाहेरच थांबवलं, मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या, पदरानं तोंड पुसलं आणि मग आमच्याकडे वळल्या.

"ह्यो फोटू कुणी लावला?"

प्रसाद म्हणाला, "अक्का, मालिकेतलं आहे ते. खोटं आहे."

"खोटं हाय, तर समई खरी कशाला लावलासा?"

आर्टवाला घाईनं समई विझवायला वाकला. हौसाक्का म्हणाल्या, "माझ्या मालकास्नी रोज आत न्हेऊ दिलो, काय बोललो न्हाय. पर जित्या माणसाला हार घालून माझ्या भित्तीला लावायचं न्हाय. मालिका तुमची आसंल. भित्त माझी हाय. मारायचंच आसंल तर दुसरं घर बघा, आणि मग तितंच ऱ्हावा."

अंगणातल्या माणसांनी "व्हय की, व्हय की" म्हणून साथ दिली. बापू आत गेले, फोटो काढला, वरचा हार उतरवला आणि आर्टवाल्याच्या हातात दिला. "जपून ठिव," त्याला म्हणाले. "लागंल कवातरी. गडबड न्हाय." मग हौसाक्कांकडे वळून म्हणाले, "लई रडलासा म्हणं."

"म्हस मेली तरी रडतो मी," हौसाक्का म्हणाल्या आणि भाकरी टाकायला आत गेल्या.

चॅनेलचा नाइलाज झाला. दोन वर्षं रोज दाखवलेलं घर एका म्हाताऱ्याला मारण्यासाठी बदलता येत नाही. पण मोठ्या माणसांना नाइलाज सहन होत नाही, म्हणून त्यांनी बापूंना दुसरी शिक्षा काढली. आजोबा फ्रेममध्ये दिसतील, पण बोलणार नाहीत. एकही वाक्य नाही. मला लिहावं लागलं: 'मागे आजोबा बसलेले.' कागद नेऊन दिला तेव्हा मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

बापूंनी विचारलं, "मागं बसून काय करतोय त्यो?"

"काही नाही."

"काय न्हाय करणारा म्हातारा मला आख्ख्या जिल्ह्यात दाव."

दुसऱ्या दिवशी ते घरून काथ्या घेऊन आले. पुढे नायक-नायिकेचं भांडण, मागे बापू दोरी वळत बसले. मग कधी विळ्याला धार लावली, कधी नातवाच्या चपलेचा तुटका अंगठा शिवला. कुणाच्या आड आले नाहीत, कुणाचं वाक्य खाल्लं नाही, पण ते जे करत ते पुरं करत. एकदा पुढे दोघांचं मोठं मनोमीलन चाललं होतं आणि मागे आजोबा आपला चष्मा शोधत होते. उशाखाली, फळीवर, नंतर स्वतःच्या खिशात. भाग दाखवला गेला आणि मनोमीलनाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. लोकांनी चॅनेलला विचारलं, आजोबांचा चष्मा सापडला का? चौकोनातल्या मुलीनं तो प्रश्न मला पाठवला, मी बापूंना दाखवला. ते म्हणाले, "सापडला म्हणून कळवा." त्या दिवशी मला या माणसाचा नुसता अभिमान नाही, हेवा वाटला. मला एवढी वाक्यं लिहून जे जमत नव्हतं ते त्यांना चष्मा शोधून जमत होतं.

मालिका शेवटी बंद झालीच. आकड्यांना आजोबांचं जगणं-मरणं सारखंच होतं. शेवटच्या भागाचं शूटिंग लागलं आणि ठरल्याप्रमाणे अंगणात फोटोचा सीन आला. मध्ये नायक-नायिका, मागे सुना-मुलं, आणि बापूंसाठी बाजूला एक खुर्ची ठेवलेली. बापूंनी ती उचलून ओट्याला टेकवून ठेवली.

प्रसाद म्हणाला, "बापू, आजोबा म्हातारे आहेत. बसू दे त्यांना."

"म्हातारं हाईत," बापू म्हणाले. "आडवं न्हाईत."

ते उभे राहिले. सगळे हसत होते, खलनायिकासुद्धा. बापू हसले नाहीत. छाती काढून, हनुवटी वर करून त्यांनी कॅमेऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवला. कट झालं, टाळ्या वाजल्या, गळाभेटी सुरू झाल्या, जो तो मोबाइल काढून सेल्फी घेऊ लागला. बापू तिथंच उभे. मी जवळ जाऊन म्हटलं, "झालं बापू. आलात शेवटच्या भागात."

"कोणतरी हाललंय," ते म्हणाले. "परत घ्या म्हणावं."

कुणी हललं नव्हतं. पण प्रसादनं माझ्याकडे बघितलं, बापूंकडे बघितलं, आणि रडून मेकअप उतरलेल्या सगळ्या नटांना पुन्हा रांगेत उभं केलं. तो शॉट आम्ही परत घेतला. माझे डोळे भरून आले होते, ते मी लपवले नाहीत.

पुढच्याच आठवड्यात मी कामासाठी मुंबईला गेले. बापूंची भेट पुन्हा झाली नाही, त्यामुळे माझ्यासाठी ते अजून शूटिंग संपलेल्या त्या संध्याकाळच्या फाट्यावरच आहेत. कपडेवाल्यानं फेटा परत मागितला होता आणि बापूंनी "उद्या देतो" म्हणून तो डोक्यावरच ठेवला होता. फाट्यावर चहाच्या टपरीशी मी गाडीची वाट बघत होते. बापूंची स्कूटर आली तसा टपरीवरचा एक पोरगेला गडी ओरडला, "ओ आजोबा, तुमची मालिका मेली म्हणं. आता तुमचं कसं?"

बापूंनी स्कूटर थांबवली. एक पाय खाली टेकला, फेटा सारखा केला आणि सगळी टपरी वळून बघेल अशा त्या आपल्या हळू आवाजात म्हणाले, "मालिका मेली, भावा. मी हाय की."

आणि किक मारून कोल्हापूरच्या दिशेनं निघून गेले.